झालं का? : पॉटिंग आणि कोटिंग क्युअर झाल्याची खात्री करून घेण्याची, सचित्र नसलेली मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा उरकून तुम्ही नुकतेच भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लहानशा इलेक्ट्रॉनिक्स युनिटमध्ये लागला असाल, पहिल्याच आठवड्यात "आजपासून पॉटिंग तू बघ रे" असं सांगून साहेब मीटिंगला निघून गेले असतील आणि समोर पथदिव्यांच्या एलईडी ड्रायव्हरचे दोनशे डबे काळं पॉलियुरेथेन भरून रांगेत मांडलेले असतील, तर तुमचं अभिनंदन. पाचला टेम्पो येणार आहे. साडेचारला डिस्पॅचचा माणूस दारात उभा राहून एकच प्रश्न विचारेल : "झालं का?"

या प्रश्नाचं "झालंच आहे, घेऊन जा" हे उत्तर तुम्हाला पहिल्याच दिवशी पाठ होईल. त्यासाठी मार्गदर्शिका लागत नाही. अवघड आहे ते दुसरं उत्तर. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच निकष लावायचा : ही चाचणी 'नाही' म्हणू शकते का? काहीही झालं तरी 'हो'च म्हणते ती चाचणी नव्हे, तो सत्यनारायण.

लागणारं साहित्य

१. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. त्यावर आधीच्या बॅचचं रेझिन वाळून बसलेलं असेल तर ते खरवडून घ्यावं. तेही स्वतःचं वजन दाखवतं.

२. नायट्राइलचे हातमोजे. पांढरे लॅटेक्सचे नकोत. कारण पायरी १ मध्ये आहे.

३. ओव्हनच्या दारावरच्या आकड्यावर विश्वास नसलेला, स्वतंत्र थर्मोकपल.

४. शोअर ड्युरोमीटर : मऊ मालासाठी 'ए', कडक मालासाठी 'डी'.

५. प्लास्टिकचे कप, कापूस गुंडाळलेल्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धारदार ब्लेड.

६. वाया गेला तरी चालेल असा एक डबा. तो मिळवण्यासाठी साहेबांची परवानगी लागते आणि सगळ्या साहित्यात हीच वस्तू मिळायला सगळ्यात कठीण.

७. मालाची टेक्निकल डेटा शीट. ती बहुधा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असते. चहाचा डाग पडलेला असतो तिथेच मिश्रणाचं प्रमाण छापलेलं असतं.

८. नोंदवही आणि पेन. पेन्सिल नको.

पायरी १ : डब्यात काय ओतलंय ते विचारा

शॉप फ्लोअरवर या सगळ्याला 'ते काळं', 'ते पांढरं' आणि 'तो स्प्रे' अशी तीन नावं आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाची घट्ट होण्याची, म्हणजे क्युअर होण्याची, तऱ्हा निराळी असते, आणि ती माहीत नसेल तर पुढची कोणतीही चाचणी करून उपयोग नाही.

*अ‍ॅक्रिलिक कोटिंग.* यात रासायनिक जोडणी होतच नाही. सॉल्व्हंट उडून जातो आणि मागे ०.०३ ते ०.१३ मिमी जाडीचा पापुद्रा राहतो. काही मिनिटांत हाताला लागेनासं होतं, म्हणून सगळ्यांचं लाडकं. सॉल्व्हंटमध्ये बुडवलेली काडी यावर घासली की ते विरघळतं. आज विरघळतं, दहा वर्षांनीही विरघळेल. म्हणजे काडीची चाचणी इथे 'हो' म्हणूच शकत नाही, आणि अशी चाचणीही तितकीच कुचकामी. अ‍ॅक्रिलिकसाठी नमुन्याची पट्टी काट्यावर ठेवावी; वजन उतरायचं थांबलं की आतला सॉल्व्हंट गेला.

*दोन भागांचं पॉलियुरेथेन.* रेझिन आणि आयसोसायनेटवाला हार्डनर. या आयसोसायनेटला पाण्याचं भारी वेड. हवेतली ओल मिळाली की रेझिनला सोडून ते तिच्याशीच जुळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि डब्यात बुडबुडे धरतात. हार्डनरच्या कॅनचं झाकण जुलैत रात्रभर उघडं राहिलं, तर सकाळी त्यावर साय आलेली दिसते. ती काढून उरलेलं वापरायची कल्पना तुमच्या आधी बऱ्याच जणांना सुचलेली आहे.

*एका भागाचं सिलिकॉन.* याचं नेमकं उलट. याला हवेतली ओलच लागते. ते बाहेरून आत क्युअर होत जातं. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला पहिल्या चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर. पुढे वेग मंदावतो, कारण ओलीला आधी घट्ट झालेल्या थरातून वाट काढावी लागते. दुप्पट खोलीला साधारण चौपट वेळ, हा हिशेब धरा. पहिल्या दिवशी तीन मिलिमीटर, तर पंचवीस मिलिमीटर खोल डब्याचा तळ गाठायला दोन महिन्यांहून जास्त. तोवर डबा खांबावर चढून, बिल पास होऊन, रिटेन्शनची रक्कम मागायचीही वेळ आलेली असते. खोल डब्यासाठी हा माल नाहीच. आणखी एक : ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते अ‍ॅसिटॉक्सी सिलिकॉन बोर्डावर लावू नये, निघणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तांबं खातं.

आता गंमत बघा. एकाच शेडमध्ये, एकाच जुलैत, सिलिकॉनला पाऊस पावतो आणि पॉलियुरेथेनला बाधतो. मेमध्ये नागपूरच्या कोरड्या हवेत हेच सिलिकॉन रेंगाळतं. "मागच्या महिन्यात तर झालं होतं" हा पुरावा या धंद्यात चालत नाही.

*दोन भागांचं प्लॅटिनम सिलिकॉन.* याला ओल लागत नाही, उष्णता दिली की पटकन होतं. पण गंधक, कथिलाची काही संयुगं आणि अमाइन यांचा स्पर्श झाला की प्लॅटिनम निकामी होतं आणि तेवढा भाग कायमचा चिकट राहतो. लॅटेक्सचे हातमोजे, काही रबरी बूच, काही फ्लक्सचे अवशेष हे सगळे या यादीत आहेत. कितीही भाजा, त्या जागी फरक पडत नाही.

*इपॉक्सी.* कडक, मजबूत आणि मानी. याचं वागणं पायरी २ मधल्या घड्याळाच्या परिच्छेदात कळेल.

*यूव्ही कोटिंग.* दिव्याखाली काही सेकंदांत होतं. दिवा जिथे पोचतो तिथे. आयसीच्या पोटाखाली, कनेक्टरच्या सावलीत ते ओलंच राहतं. म्हणून चांगल्या मालात ओलीवर चालणारी दुसरी यंत्रणा घातलेली असते. तिला मात्र दिवस लागतात.

पायरी २ : लोकप्रिय चाचण्या, आणि त्या का करू नयेत

*बोट.* सगळ्यात जुनं उपकरण, कॅलिब्रेशन लागत नाही. बोटाला फक्त वरचा थर कळतो. एका भागाच्या सिलिकॉनचा वरचा थर तासाभरात कोरडा लागतो. खाली काय चाललंय याची बोटाला खबर नसते. उलटही होतं : थंड, दमट हवेत अमाइनवाल्या इपॉक्सीच्या पृष्ठावर तेलकट थर येतो. आतला माल ठणठणीत, तरी बोट म्हणतं 'चिकट आहे', आणि सगळी बॅच उगाच पुन्हा ओव्हनमध्ये जाते. तो थर खरं तर कोमट पाण्याने पुसता येतो. थोडक्यात, बोट दोन्ही बाजूंनी खोटं बोलतं. आणि माल खरोखरच कच्चा असेल, तर त्यातले हार्डनर त्वचेला बाधतात. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा जन्माची सोबत. म्हणजे या चाचणीत नापास होतं ते बोट.

*नाक.* "वास गेला, म्हणजे झालं." वास गेला म्हणजे पृष्ठाजवळचं उडून गेलं, इतकंच. आयसोसायनेटच्या बाबतीत तर वाकून वास घ्यायचाच नाही. दम्याच्या कारणांच्या यादीत त्याचं नाव आहे.

*निळा दिवा.* अंधाऱ्या खोक्यात ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावला की कोटिंग सुंदर निळं चमकतं. ऑडिटला आलेल्या पाहुण्यांना हे आवर्जून दाखवतात. कोटिंग कुठे लागलंय आणि कुठे सुटलंय हे पाहायला तो उत्तम आहे. पण चमक येते ती कोटिंगमध्ये घातलेल्या रंगद्रव्यामुळे, आणि ते ओल्यातही चमकतं. पाच मिनिटांपूर्वी मारलेला, अजून ओघळणारा स्प्रेसुद्धा या दिव्याखाली तितकाच तेजस्वी दिसतो.

*घड्याळ.* "डेटा शीटवर चोवीस तास लिहिलंय, झाले की." लिहिलंय, पण शेजारी '२५ अंशांना' असंही लिहिलंय. डिसेंबरात पुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्री पारा १०-१२ वर येतो. ठोकळ नियम असा की दर दहा अंशांच्या फरकाने वेळ दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणजे १५ अंशांना अठ्ठेचाळीस तास, आणि त्याखाली मोजायची इच्छा राहत नाही.

इपॉक्सीचा मानीपणा इथे दिसतो. क्युअर होत होत ती इतकी कडक होते की आतल्या रेणूंना हलायला जागा उरत नाही, आणि काम अर्धवट सोडून प्रक्रिया थांबते. थंड खोलीत ठेवलेली इपॉक्सी महिनाभर ठेवली तरी पुढे फारशी सरकत नाही. अशा इपॉक्सीचं काचेसारखं कडक राहण्याचं तापमान बहुधा ५०-६० अंशांच्या आसपास अडकतं. पथदिव्याचा डबा उन्हात आणि स्वतःच्या उष्णतेने त्याच्या वर जातो, आणि शेडमध्ये टणक वाटलेला माल खांबावर मऊ पडतो. तिला वाढीव उष्णता देऊनच पूर्ण करावं लागतं. त्याला पोस्ट-क्युअर म्हणतात आणि प्रॉडक्शन प्लॅनमधून पहिल्यांदा तोच कापला जातो.

ओव्हनमध्ये ठेवलं तरी घड्याळ सुटत नाही. '८० अंशांना दोन तास' याचा अर्थ डब्याच्या पोटातला माल ८० अंशांना दोन तास. दारावरचा आकडा हवेचा असतो. अ‍ॅल्युमिनियमचे दोनशे डबे दाटीवाटीने रचले तर मधल्या रांगेला तापायलाच बराच वेळ जातो. मधल्या कप्प्यातल्या मधल्या डब्यात थर्मोकपल खुपसा आणि त्याने ८० दाखवल्यावर घड्याळ सुरू करा. हे ऐकून काही जण तुमच्याकडे बघून हसतील. ते बहुधा पहिली पाळी संपवून घरी जाणारे असतात.

*कस्टमर.* ही सगळ्यात अचूक चाचणी. खरं तापमान, खरा पाऊस, खरं व्होल्टेज. दोष एकच : रिपोर्ट डेबिट नोटच्या रूपात येतो.

पायरी ३ : वजनकाट्यापासून सुरुवात

क्युअरची खात्री शेवटी करायची असते असा समज आहे. निम्मी खात्री ओतायच्या आधीच होते किंवा बिघडते.

डेटा शीटवर 'वजनाने ५:१' असेल आणि तुमच्या शिफ्टमधले काका वर्षानुवर्षं डब्याच्या मापाने पाचास एक घालत असतील, तर हा हिशेब त्यांना आदराने दाखवा. रेझिनमध्ये खनिज पूड भरलेली असते, म्हणून ते जड. समजा त्याची घनता १.६ आणि हार्डनरची १.१. मापाने पाचास एक घातलं, तर वजनाने ते ८ ला १.१ पडलं, म्हणजे सव्वासातास एक. जवळजवळ तिसरा हिस्सा हार्डनर कमी. काका म्हणतील, "इतकी वर्षं झाली, कधी काही झालं नाही." वाद घालू नका. एक कप मापाने आणि एक कप वजनाने करून दोन्ही त्यांच्याच टेबलावर ठेवा.

रेझिनच्या ड्रममधली पूड तळाशी बसते. न ढवळता वरचं काढलं तर वर पातळ रेझिन आणि महिनाअखेरीस तळाशी गाळ. एका ड्रममधून दोन वेगळे माल निघतात. मिसळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं आणि शेवटच्या डब्यात कप निपटून ओतला की तेच त्या डब्यात जातं. नोझलचं मशीन असेल तर सुरुवातीचे फटके टाकून द्यावेत. टाकून दिलेल्या मालाचे पैसे साहेबांना दिसतात. न टाकल्याचे पैसेही दिसतात, पण पुढच्या आर्थिक वर्षात.

पायरी ४ : साक्षीदार कप

प्रत्येक बॅचमधून एक कप भरून घ्यायचा. त्यावर तारीख, मिसळल्याची वेळ, रेझिन आणि हार्डनरचे लॉट नंबर लिहायचे आणि तो डब्यांच्याच ट्रेमध्ये, त्याच कप्प्यावर ठेवायचा. डबे फोडता येत नाहीत. कप फोडता येतो.

शितावरून भाताची परीक्षा, हा आपला जुना नियम इथे उपयोगी आहे, पण एका अटीवर. भाताची सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. पॉटिंगमध्ये आच बरीचशी मालाच्या आतूनच येते : रेझिन आणि हार्डनर जुळताना उष्णता सुटते, आणि जितका ढीग मोठा तितकी ती साठते. डब्यात दोनशे ग्रॅम आणि कपात दहा ग्रॅमचा पातळ थर असेल, तर कप मागे राहील आणि तुम्ही चांगली बॅच अडवाल. उलट डब्यात पातळ थर आणि कपात जाड गोळा असेल, तर कप तापून लवकर पक्का होईल आणि कच्चे डबे पास होतील. कपातली खोली डब्यातल्या खोलीइतकी ठेवा. आणि कप कुठला भरायचा? मिश्रणाच्या शेवटी निपटून निघालेला. पहिल्या धारेचा कप नेहमीच छान होतो. तो शाळेच्या तपासणीच्या दिवशी पुढच्या बाकावर बसवलेला विद्यार्थी आहे.

पायरी ५ : शोअर

आल्बर्ट शोअर यांनी १९२० च्या दशकात बनवलेलं हे उपकरण तत्त्वाने अगदी साधं आहे : स्प्रिंगवरची बोथट सुई मालात किती रुतते ते मोजायचं. अडीच मिलिमीटर पूर्ण रुतली तर शून्य, अजिबात नाही रुतली तर शंभर. म्हणजे एक अंक म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग.

नमुना किमान सहा मिलिमीटर जाड हवा. पातळ थरावर सुईला खालचं टेबल लागतं आणि टेबलाची शोअर नेहमीच उत्तम येते. कडेपासून बारा मिलिमीटर आत या. उपकरण सरळ धरा आणि ठराविक सेकंदांनी वाचा. पाच जागी, एकमेकींपासून सहा मिलिमीटर लांब. गरम कप मोजू नका. तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आता सुई जवळून बघा. डेटा शीटवर शोअर ए ८० आहे. कपावर ड्युरोमीटर टेकवलं, काटा झटकन ७८ वर गेला. शेजारचा म्हणतो, "आलं की, लिही." हात तसाच दाबून ठेवा. काटा हळूहळू मागे सरकायला लागतो : ७४, ७०, ६६. मऊ माल दाबाखाली थोडासा सरकतोच, तो त्याचा स्वभाव. पण चांगल्या जुन्या कपावर काटा तितक्याच वेळात ७६ वर थबकत असेल आणि इथे ६५ च्या खाली चालला असेल, तर आतली साखळी पूर्ण जुळलेली नाही. म्हणून एक पक्का कप कायम जपून ठेवावा आणि दोन्ही सारख्याच सेकंदांना वाचावेत. पहिल्या क्षणाला वाचून हात उचलणारा कोणीही कच्ची बॅच पास करू शकतो.

मग कप उलटा करा आणि तळ मोजा. वरचा आणि तळाचा आकडा सारखा आला नाही, तर उत्तर मिळालं. कप उलटा करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी नाही, हा निव्वळ योगायोग समजावा.

एक सावधगिरी इपॉक्सीची. ती क्युअर पूर्ण व्हायच्या बरीच आधी शोअर डी ८० च्या आसपास पोचते आणि तिथेच ठाण मांडते. शेवटचा टप्पा शोअरला दिसत नाही. इपॉक्सीसाठी पायरी ७ करा.

पायरी ६ : एक डबा कापा

साहेबांनी दिलेला डबा इथे लागतो. साधारण मधोमध उभा काप घ्या, ट्रान्सफॉर्मरच्या बुंध्यापाशी. वरच्या अर्ध्या भागात ब्लेड सरळ जातं, काप चकचकीत येतो. ट्रान्सफॉर्मरच्या खाली, जिथे ओतताना धार पोचायला वेळ लागतो, तिथे कधी ब्लेड अडत अडत येतं आणि पात्यावर चिकट ओल दिसते. टिश्यूने टिपली तर टिश्यूला डाग पडतो. डबा वरून दगड आहे, वजन बरोबर आहे, दिवाही लागतो. आणि पोटात चमचाभर रेझिन हार्डनरची वाट बघत बसलंय. तो डाग पडलेला टिश्यू नोंदवहीत चिकटवून ठेवा. साहेबांशी बोलायला त्याच्याइतका चांगला वक्ता नाही.

पायरी ७ : कप पुन्हा भाजा

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरलेली चाचणी. साक्षीदार कपाचे दोन तुकडे करा. एक बाजूला ठेवा, दुसरा डेटा शीटवरच्या पोस्ट-क्युअरच्या तापमानाला पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा, मग थंड करून दोन्ही मोजा. आकडा हलला नाही आणि डेटा शीटवरच्या आकड्याशी जुळतो, तर माल होता तिथेच पूर्ण होता. भाजलेला तुकडा कडक झाला असेल, तर तुमचे डबे अजून वाटेत आहेत. इपॉक्सीत खोलीच्या तापमानाला फरक दिसत नाही, म्हणून दोन्ही तुकडे ७० अंशांना तापवून गरम असतानाच शेजारी शेजारी दाबून बघा. कच्चा तुकडा तिथे उघडा पडतो. ही चाचणी 'नाही' म्हणते तेव्हा किती नाही तेही सांगते.

पायरी ८ : बोर्डावरचं कोटिंग

पाव मिलिमीटरहूनही पातळ असलेल्या या थरावर शोअर चालत नाही. बोर्डाबरोबर एक रिकामी पट्टी रंगवा. पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी कोटिंग असेल तर अल्कोहोलची काडी ठराविक वेळा घासा. काडीला रंग लागला, थर मऊ पडला किंवा निघाला, तर ते कच्चं. अ‍ॅक्रिलिकवर हे करू नका, हे वर सांगितलंय. तरी कोणीतरी करून अख्खी लॉट रिजेक्ट करणार, म्हणून पुन्हा सांगितलं.

पायरी ९ : बाहेरची लॅब

मोठं काम असेल, एखाद्या वाहन कंपनीचा माल असेल, तर लॅबमध्ये डीएससी करून घ्या. काही मिलिग्रॅमचा तुकडा सावकाश तापवतात. आत जुळायचं काही उरलेलं असेल तर तेवढी उष्णता बाहेर पडते आणि कागदावर उंचवटा दिसतो. एकदा तापवून पुन्हा तापवल्यावर कडकपणाचं तापमान वर सरकलं, तर पहिला क्युअर अपुरा होता. एफटीआयआर या इन्फ्रारेड चाचणीच्या आलेखात पॉलियुरेथेनचा न जुळलेला आयसोसायनेट २२७० सेंमी⁻¹ च्या आसपास आणि इपॉक्सीचं न उघडलेलं वलय ९१५ सेंमी⁻¹ च्या आसपास खूण सोडतं. रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि त्यावर शिक्का असतो, त्यामुळे तुम्ही आठवडाभर तोंडी सांगितलेली गोष्ट साहेबांना त्याच दिवशी पटते.

शंका-समाधान

*मऊ राहिलेले डबे पुन्हा भाजले तर होतील का?*
वेळ किंवा उष्णता कमी पडली असेल तर होतील. हार्डनर कमी पडला असेल तर नाही. जुळायला जोडीदारच नाही, ओव्हन तो कुठून आणणार?

*मग हार्डनर जरा जास्तच घालावा का? लवकर होईल.*
हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नव्हे, तो निम्मा भागीदार आहे. जास्तीचा उरतो, ओल ओढतो आणि माल मऊ किंवा ठिसूळ करतो.

*८० ऐवजी १५० अंश लावले तर?*
डब्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या अंगावर बघा. बहुधा १०५ छापलेलं असेल. त्याने आधीच सांगून ठेवलंय.

*दिवा लागतोय. मग कच्चं राहिलं तर बिघडलं कुठे?*
कच्चं रेझिनसुद्धा पहिल्या दिवशी बऱ्यापैकी विद्युतरोधक असतं. पण न जुळलेले रेणू आणि आयन आत मोकळे फिरतात. उष्णता आणि ओल मिळाली की गळतीचा प्रवाह वाढतो, तांबं गंजतं, माल फुगून सोल्डरच्या सांध्यांना ढकलतो. ड्रायव्हर गेला की दिवा विझतो, आणि पॉट केलेला ड्रायव्हर दुरुस्त होत नाही.

*हे सगळं करायला वेळ कुठे आहे?*
कप भरायला, लेबल लावायला आणि दहा आकडे घ्यायला लागणारा वेळ, आणि "झालं का?" हा प्रश्न दिवसभरात सगळे मिळून विचारतात त्यात जाणारा वेळ, यांची तुलना करून बघावी.

नोंदवही भरणे

'ओके', 'छान', 'चांगलं वाटतंय', 'ठीक' हे शब्द नोंदवहीत लिहू नयेत. आकडे लिहावेत : लॉट नंबर, दोन्ही भागांचं वजन, मिसळल्याची वेळ, शेडचं तापमान आणि आर्द्रता, डब्याच्या पोटातलं तापमान आणि ते किती वेळ होतं, कपाची वरची आणि तळाची शोअर, पुन्हा भाजल्यानंतरची शोअर. पेन्सिल नको, कारण पेन्सिलने लिहिलेला ६५ रात्रपाळीत ८५ होतो, आणि त्यासाठी ओव्हनचीही गरज पडत नाही.

शेवटचा रकाना निर्णयाचा. त्यात दोनच शब्द चालतात : 'सोडले' आणि 'थांबवले'. 'थांबवले' लिहिलं की लाल टॅग लावायचा आणि पुन्हा मोजणीची वेळ शेजारी लिहायची, म्हणजे ते नुसतं अडवणं राहत नाही. 'चालेल' हा तिसरा शब्द कोणी सुचवलाच, तर नम्रपणे पेन पुढे करून त्या ओळीसमोर त्यांची सही मागावी. बहुतेक वेळा साहेब पेन खाली ठेवतात, कप उचलतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उलटा करून बघतात.